मिसरूड, पोलाद आणि बोअरचं पाणी

धाराशिव जिल्ह्यात एखादं पोरगं पहिल्यांदा घरी दाढी करतं आणि गाल लालबुंद करून घेतं, तेव्हा त्यात सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचाही हात असतो. यात अतिशयोक्ती मुळीच नाही.

भूम घ्या, परंडा घ्या, कळंब घ्या, बोअरला पाणी लागतं ते बेसॉल्टच्या भेगांतून. हा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हाच. पावसाचं पाणी मातीत मुरताना कार्बन डायऑक्साइड पोटात घेतं, किंचित आंबट होतं आणि चुनखडीतलं, खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत खाली उतरतं. आपण मोटार चालू केली की ते सगळं बादलीत येतं. हीटरच्या कॉइलवर धरणारी पांढरी खपली, तासभर शिजवूनही बोटचेपी न होणारी तूरडाळ, ही त्याचीच करामत. अशा जड पाण्यात साबणाचा घटक कॅल्शियमला धरून बसतो, त्याचा न विरघळणारा चिकट साका होतो आणि ब्रश कितीही घुसळला तरी दाट फेस येत नाही. दाढीला फेस शोभेसाठी लागत नाही. पातं आणि कातडी यांच्यामध्ये वंगण म्हणून असतो तो फेसच.

त्या वंगणाशिवाय काय होतं, हे कळण्यासाठी कातडी जवळून पाहायला हवी. आपल्या गालाचं सर्वांत वरचं आवरण मृत पेशींच्या चपट्या थरांचं असतं, आणि त्या सगळ्या थरांची मिळून जाडी भरते मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा-पन्नासावा हिस्सा. दाढीचा केस मात्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जाड. म्हणजे जो केस कापायला आपण निघालो, त्याच्यापेक्षा त्याच्या बुडाशी असलेलं संरक्षक आवरण कितीतरी पातळ! आणि त्यावरून आपण फिरवतो ती पोलादाची धार मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्श्याहूनही बारीक असते. रोज सकाळी लाखो माणसं हे करतात आणि बहुतेकांना काही होत नाही, याचंच मला पहिल्यापासून नवल वाटत आलं आहे.

होतं तेव्हा असं होतं. कोरड्या, न मऊ झालेल्या केसात पातं अडकतं, केस ओढला जातो, कातडी वर उचलली जाते आणि पातं तिचाही पापुद्रा खरवडून नेतं. आवरण ठिकठिकाणी फाटलं की आतला ओलावा निसटतो, खालचे मज्जातंतू उघडे पडल्यासारखे होतात, रक्तवाहिन्या फुगतात. दिसते ती लाली, जाणवते ती चरचर. शरीर दुरुस्तीला लागल्याची ही खूण आहे, आणि पुन्हा खरवडलं नाही तर ती काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत मावळते.

म्हणून माझं म्हणणं असं, की आग पात्यामुळे होते त्याहून जास्त पात्याआधीच्या घाईमुळे होते. खरं हत्यार पाणी. केस केराटिनचा बनलेला असतो आणि तो पाणी पितो. भिजला की सुमारे पंधरा टक्के जाड होतो आणि त्याच वेळी मऊही, कारण केराटिनच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे हायड्रोजनचे बंध पाणी सोडवतं. मात्र हे क्षणात होत नाही. दोन-तीन मिनिटं लागतात. जुन्या काळी गावात धोकटी घेऊन घरोघर फिरणारा नाभिक कारागीर हे पक्कं जाणून होता. साबण नसला तरी वाटीतल्या नुसत्या पाण्यात बोटं बुडवून तो गाल-हनुवटी चांगला वेळ चोळत राहायचा, आणि वस्तरा त्यानंतरच उघडायचा. आजही सलूनमध्ये नीट पाहा, पातं चालवायला जेवढा वेळ जातो, जवळपास तेवढाच ब्रश फिरवायला जातो.

तेव्हा अंघोळ झाल्यावर दाढी करावी, किंवा गरम पाण्यात पिळलेला पंचा तोंडावर धरावा. आणि आपल्या जिल्ह्यासाठी खास सूचना: फेसासाठी बोअरचं पाणी वापरू नका. घरात आरओच्या जारचं पाणी असेल तर त्यातलं पेलाभर बाजूला काढा. त्यातले क्षार बरेचसे गेलेले असतात. पन्हाळीखाली धरलेलं पावसाचं पाणी तर फारच उत्तम. तोच साबण, तोच ब्रश घेऊन दोन्ही पाण्यांत फेस करून बघा, खडकाचा प्रताप डोळ्यांना दिसेल.

पोलादाची गोष्टही अशीच चकित करणारी आहे. केस पात्याच्या पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ, मग त्याने धार जाते कशी? अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जानलुका रॉशिओली या संशोधकाने स्वतःची दाढी करत पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. २०२० साली ‘सायन्स’मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. धार हळूहळू झिजून गोल होत असेल ही समजूत होती. त्यांना दिसलं की तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून तिरपा लागला आणि त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, की टवका उडतो. टवके उडालेलं पातं केस कापण्याऐवजी खेचतं, गालाला लागते ती ही करवत. पातं ओढायला लागलं की बदलावं. सलूनमध्येही आपल्यासमोर नवं पातं लावायला सांगावं, कारण रक्ताबरोबर कावीळ ‘ब’सारखे आजारही एका गालावरून दुसऱ्यावर जाऊ शकतात.

नवशिक्याचा हात बहुधा चुकतो तो उलट्या दाढीत. केस ज्या दिशेला झुकलेला, त्याच दिशेने पातं हलकेच न्यावं. गालावर ही दिशा सोपी, गळ्यावर मात्र ती भोवऱ्यासारखी फिरते. बोटांनी चाचपून आधी ओळखावी. मिसरूड नुकतं फुटलेल्या पोराला उलटी दाढी करायची गरजच नाही. दाढी केल्याने केस राठ आणि दाट होतात ही भीतीही सोडावी. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली दाढी करणाऱ्या पुरुषांच्या केसांची मोजमापं घेतली, तेव्हा तसा काही फरक आढळला नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून तो बोटाला टोचतो, एवढंच.

एवढं करूनही आग झालीच, तर गार पाण्याचा कपडा ठेवा आणि साधं, बिनवासाचं मलम किंवा खोबरेल हलक्या हाताने लावा. पुटकुळ्या येण्याची सवय असेल तर तेल टाळा. लाली जाईपर्यंत पातं लांब. तुरटी कापलेल्या जागेचं रक्त थांबवते, कारण ती प्रथिनं गोठवते. पण सोललेल्या गालावर ती चोळू नये, आणि स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह तर नकोच. मेडिकलमधून कुणी सुचवलेली ‘फंगसची, खाजेची, सगळ्याची एकच’ ट्यूब अजिबात लावू नका. अशा ट्यूबमध्ये पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असतं. चार दिवस गाल छान दिसतो, पण महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते, लाल रेषा उठतात आणि ट्यूब सोडली की आग दुप्पट होते. २०१८ साली सरकारने अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, ती याच कारणाने.

ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांची तऱ्हा निराळी. कापलेला केस वळून पुन्हा कातडीत शिरतो आणि शरीर त्याला परका समजून त्याच्यावर चालून जातं. मग गळ्यावर दुखरे फोड उठत राहतात. तीन-चार पात्यांचा रेझर इथे जास्त त्रास देतो, कारण पहिलं पातं केस ओढून धरतं, पुढचं तो कातडीच्या खाली कापतं. असे फोड सारखे येत असतील, त्यांत पू होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेक वेळा ते पहिला उपाय सांगतात तो असा: महिनाभर दाढी वाढू द्या.