रुग्णालयातील कायद्याचे शब्द : आपण सही कशावर करतो?

रुग्ण दाखल झाला की नातेवाइकांसमोर एकामागून एक कागद येतात. त्यावर संमतीपत्र, एमएलसी, पंचनामा, सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज असे शब्द असतात. घाईत आणि काळजीत बहुतेक जण न वाचता सही करतात. काही जण 'सही केली तर आपण अडकू' या भीतीने सही नाकारतात. दोन्ही वेळी नुकसान होण्याची शक्यता रुग्णाचीच असते.

हे कागद तीन प्रकारचे असतात, एवढे लक्षात ठेवले तरी बरीच भीती कमी होते.

१. तुमची परवानगी मागणारे कागद. उदा. ऑपरेशनचे संमतीपत्र.
२. तुम्हाला माहिती दिल्याची नोंद करणारे कागद. उदा. सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज.
३. तुमच्या परवानगीवर अवलंबून नसलेले, कायद्याने करावेच लागणारे काम. उदा. एमएलसी, पोलिसांचा पंचनामा.

कागद समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारा : "हा यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे?"

संमतीपत्र म्हणजे काय?

रुग्णाला कोणता आजार आहे, कोणता उपचार करणार, त्याचा फायदा काय, धोके कोणते, दुसरा पर्याय आहे का आणि उपचार न केल्यास काय होईल, हे समजल्यावर रुग्णाने दिलेली परवानगी म्हणजे संमती. डॉक्टरांनी हे रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगायला हवे. फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा. सही येत नसेल तर साक्षीदारासमोर अंगठा चालतो. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मवर मात्र सही करू नका.

सही कोणी करायची याबद्दल खूप गैरसमज आहेत. रुग्ण १८ वर्षांपेक्षा मोठा आणि शुद्धीवर असेल, त्याला निर्णय घेता येत असेल, तर संमती त्याचीच लागते. नवरा, मुलगा किंवा आई यांची सही त्याऐवजी चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका प्रकरणात हे स्पष्ट केले. दुर्बिणीतून तपासणी करण्यासाठी महिलेने संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. जिवाला तातडीचा धोका नव्हता, त्यामुळे आईची परवानगी पुरेशी नाही, असे न्यायालयाने म्हटले. तपासणीची संमती ही ऑपरेशनची संमती होत नाही, हेही याच निकालात सांगितले आहे.

गर्भपाताच्या बाबतीत प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. कायद्याने नवऱ्याची सही लागत नाही. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर पालकांची लेखी संमती लागते.

रुग्ण बेशुद्ध आहे, जिवाला धोका आहे आणि संमती देऊ शकेल असे कोणीही जवळ नाही, अशा वेळी डॉक्टर संमतीसाठी थांबत नाहीत. रुग्णाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेल्या उपचाराला कायद्याचे संरक्षण आहे.

'हाय रिस्क'वर सही केली, आता तक्रार करता येणार नाही का?

येते. 'हाय रिस्क संमती'चा अर्थ एवढाच की या रुग्णात धोका नेहमीपेक्षा जास्त आहे आणि तो तुम्हाला सांगितला आहे. समजा, वय ७५, मधुमेह आणि कमजोर हृदय असलेल्या आजोबांचे खुब्याचे ऑपरेशन आहे. त्यात हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका असतो आणि तो सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. पण चुकीच्या पायाचे ऑपरेशन झाले किंवा पोटात कापसाचा बोळा राहिला, तर त्याला तुमची सही आड येत नाही. तुम्ही धोक्याला संमती दिलेली असते, हलगर्जीपणाला नाही.

एमएलसी म्हणजे काय?

लोक याला 'पोलीस केस' म्हणतात. अपघात, मारहाण, भाजणे, विषबाधा, उंचावरून पडणे, लैंगिक अत्याचार अशा कारणांनी रुग्ण आला, तर डॉक्टर त्याची एमएलसी म्हणून नोंद करतात आणि पोलिसांना कळवतात. हा तिसऱ्या प्रकारातला कागद आहे. "आमची कोणाबद्दल तक्रार नाही" असे नातेवाइकांनी सांगितले तरी डॉक्टरांना तो टाळता येत नाही.

एमएलसी म्हणजे एफआयआर नाही आणि कोणावर आरोपही नाही. 'अमुक दिवशी, अमुक वाजता, अशा जखमा असलेला रुग्ण आला' अशी ती वैद्यकीय नोंद असते. पुढे अपघात विम्यासाठी किंवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे भरपाई मागताना हीच नोंद उपयोगी पडते. 'नसती कटकट नको' म्हणून ती टाळण्याचा आग्रह धरणारे कुटुंब अनेकदा स्वतःचाच पुरावा गमावते.

पोलीस येईपर्यंत उपचार थांबत नाहीत. आधी जीव वाचवा, कायद्याचे सोपस्कार नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. हे सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांना लागू आहे. रस्त्यावरच्या जखमीला उचलून आणणाऱ्या माणसालाही कायद्याने संरक्षण दिले आहे. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. लैंगिक अत्याचार किंवा अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितेवर प्रत्येक रुग्णालयाने लगेच आणि मोफत उपचार करणे बंधनकारक आहे.

विष घेतले असेल तर खरे सांगा

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. घरातील कोणी कीटकनाशक घेतले, तर पोलिसांच्या भीतीने नातेवाईक "फवारणी करताना नाकात गेले", "जेवणातून काहीतरी झाले" असे सांगतात. प्रत्येक विषाचा उपचार वेगळा असतो. कोणते औषध, किती आणि किती वाजता घेतले हे कळले नाही, तर सुरुवातीचा मोलाचा वेळ वाया जातो.

ज्या भीतीने हे लपवले जाते, तिला आता फारसा आधार राहिलेला नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते. तिच्यावर खटला चालवण्याऐवजी तिची काळजी घेणे आणि पुनर्वसन करणे ही शासनाची जबाबदारी आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत असे प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा सांगणारे कलम ३०९ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ठेवलेले नाही. एमएलसीची नोंद होईल, पोलीस जबाबही घेतील, पण त्याचा अर्थ रुग्ण गुन्हेगार ठरला असा होत नाही.

त्यामुळे रुग्णाला आणताना विषाची बाटली किंवा पाकीट सोबत आणा. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. रुग्ण बरा झाल्यावर मानसोपचारतज्ज्ञांची भेट चुकवू नका. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर मोफत मानसिक आधार मिळतो.

मृत्युपूर्व जबाब

गंभीर भाजलेल्या किंवा जखमी व्यक्तीने 'हे कसे झाले' याबद्दल दिलेल्या जबाबाला, पुढे तिचा मृत्यू झाल्यास, न्यायालयात पुरावा म्हणून मोठे महत्त्व असते. शक्यतो तो दंडाधिकारी घेतात. रुग्ण बोलण्याच्या आणि समजण्याच्या स्थितीत आहे का, हे डॉक्टर तपासून लिहून देतात. त्या वेळी नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगतात. रुग्णाने कोणाच्याही दबावाशिवाय बोलावे, हा त्यामागचा हेतू असतो. जबाब घेतला म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली, असा अर्थ काढू नका.

पंचनामा, शवविच्छेदन आणि 'व्हिसेरा राखून ठेवला'

मृत्यू अनैसर्गिक किंवा संशयास्पद असेल तर पोलीस पंचांसमोर मृतदेहाची पाहणी करून लेखी नोंद करतात. हा पंचनामा. त्यानंतर मृत्यूचे कारण शोधण्यासाठी डॉक्टर शवविच्छेदन करतात. अशा शवविच्छेदनाला नातेवाइकांच्या संमतीची गरज नसते. मृत्यू नैसर्गिक असेल आणि केवळ आजार नीट समजून घेण्यासाठी शवविच्छेदन करायचे असेल, तर मात्र नातेवाइकांची संमती लागते.

अहवालात कधी कधी 'व्हिसेरा राखून ठेवला' असे लिहिलेले असते. म्हणजे जठर, यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांचे नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तपासणीसाठी ठेवले आहेत. हा शब्द वाचून 'विष सापडले' असा समज गावभर पसरतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'तपासणी बाकी आहे' एवढाच असतो.

सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज

डॉक्टर राहायला सांगत असतानाही घरी जाण्याचा हक्क निर्णयक्षम रुग्णाला आहे. त्या वेळी घेतलेली सही ही 'धोका मला सांगितला आहे' याची नोंद असते. त्यानंतरही डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि घरी घ्यायच्या औषधांची माहिती मिळायला हवी. त्रास वाढला तर पुन्हा त्याच रुग्णालयात येता येते. कारण पैशांचे असेल तर सही करण्यापूर्वी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि सरकारी योजनेत उपचार बसतात का, हे विचारा.

लिव्हिंग विल

मृत्युपत्र मालमत्तेबद्दल असते. लिव्हिंग विल उपचारांबद्दल असते. 'मी बरा होण्याची आशा उरली नाही आणि मला निर्णय घेता येत नसेल, तर मला व्हेंटिलेटरसारख्या उपकरणांवर ठेवू नका' अशी इच्छा प्रौढ व्यक्तीला आधीच लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीने कोण निर्णय घेईल, त्या व्यक्तीचे नाव त्यात लिहावे लागते.

कागद असला तरी उपचार लगेच थांबत नाहीत. डॉक्टरांची दोन स्वतंत्र मंडळे रुग्णाची स्थिती तपासतात. असा कागद नसेल तरी कुटुंबाची संमती आणि ही दोन मंडळे यांच्या मार्गाने निर्णय घेता येतो. मात्र मरण यावे म्हणून इंजेक्शन देणे भारतात बेकायदा आहे. उपकरणे काढली तरी वेदना कमी करणारे उपचार आणि शुश्रूषा चालूच राहतात.

हलगर्जीपणा कशाला म्हणतात?

उपचारांनी गुण आला नाही किंवा रुग्ण दगावला, म्हणजे हलगर्जीपणा झालाच असे नाही. त्याच प्रकारच्या, सामान्य कौशल्याच्या डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली नाही, आणि त्यामुळेच नुकसान झाले, हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालामुळे पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात. ग्राहक आयोगाकडे साधारणपणे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडेही दाद मागता येते. फौजदारी गुन्ह्यासाठी मात्र हलगर्जीपणा अतिशय ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो, असे २००५ च्या निकालात म्हटले आहे.

कोणते कागद मागून घ्यावेत?

• उपचारांच्या नोंदी : लेखी अर्ज केल्यावर ७२ तासांत प्रती द्याव्यात, असा वैद्यक परिषदेचा नियम आहे. अर्जाची पोच घ्या.
• एमएलसी क्रमांक आणि पोलीस ठाण्याचे नाव : विम्यासाठी लागते.
• मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र : हे डॉक्टर देतात. जवळच्या नातेवाइकाला त्याची प्रत मोफत मिळते.
• मृत्यूचा दाखला : हा महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडून मिळतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. नावाचे स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे आहे ना, हे तिथेच तपासा. नंतर दुरुस्तीसाठी खूप हेलपाटे घालावे लागतात.

सही करण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा

१. हा कागद परवानगीचा आहे की माहिती दिल्याच्या नोंदीचा?
२. यात लिहिलेले मला मराठीत सांगाल का?
३. रुग्ण स्वतः सही करू शकत असताना माझी सही का हवी?
४. सही केली नाही तर उपचारांवर काय परिणाम होईल?
५. मला याची प्रत मिळेल का?

असे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. रुग्णाला आणि घरच्यांना नीट समजले असेल, तर आम्हा डॉक्टरांचेही काम सोपे होते.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्यक्ष वाद निर्माण झाल्यास वकिलांचा सल्ला घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पात्र व्यक्तींना मोफत कायदेशीर मदत मिळते. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मदत क्रमांक : १५१००.)