कुणीही यावं : लाइपझिगचं निकोलाय चर्च

लाइपझिगच्या निकोलाय चर्चबाहेर 1980 च्या दशकात एक साधी पाटी लागली. चर्चचं नाव, आणि पुढे ‘सर्वांसाठी खुलं’. अशा पाट्या जगभर दिसतात आणि त्यांचा अर्थ बहुधा ‘आमच्यासारख्या सर्वांसाठी’ इतकाच असतो. कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत मात्र ती पाटी म्हणजे जोखीम होती. सभा भरवायला परवानगी, पत्रक छापायला परवानगी. परवानगीविना माणसं जमू शकतील असं छप्पर जवळपास एकच उरलेलं, चर्चचं. ते दार खरोखरच सर्वांना उघडलं तर आत फक्त भाविक येणार नाहीत, हे तिथल्या पाळकांना, ख्रिस्तियान फ्यूरर यांना, चांगलं माहीत होतं. येणाऱ्यांत सरकारचे खबरेही असणार, हेसुद्धा.

तसं पाहिलं तर उपेक्षितांनी आसरा शोधावा अशी ही वास्तू नव्हे. लाइपझिग हे जत्रेचं, व्यापाऱ्यांचं शहर, आणि संत निकोलस हा व्यापाऱ्यांचा रक्षक संत. त्याच्या नावाचं हे चर्च 1165 च्या सुमारास उभं राहिलं. 1539 मध्ये शहराने धर्मसुधारक मार्टिन लुथरचा मार्ग स्वीकारला तेव्हा तेही लुथरन झालं. 30 मे 1723 रोजी संगीतकार योहान सेबास्टियान बाख यांनी लाइपझिगमधल्या नोकरीची सुरुवात इथेच कँटाटा सादर करून केली, आणि पुढच्या वर्षीच्या शुभ शुक्रवारी ‘सेंट जॉन पॅशन’ पहिल्यांदा ऐकलं तेही इथल्याच बाकांनी. 18 व्या शतकाच्या अखेरीस योहान कार्ल फ्रीडरिश डाउथे या वास्तुविशारदाने आतलं रूप पालटलं. पांढरे खांब वर जाऊन हिरव्या ताडपानांत फुटतात, छत फिकट गुलाबी. बाहेरून करडं आणि थोराड दिसणारं हे चर्च आत शिरल्यावर एखाद्या नाचघरासारखं उजळ वाटतं.

उघड्या दारातून येणाऱ्या पाहुण्यांचं काय करायचं, हा प्रश्न लुथरन मंडळींना जन्मापासून पडलेला आहे. 1526 मध्ये लुथरने जर्मन भाषेतल्या उपासनेची मांडणी केली, तिच्या प्रस्तावनेत तो उपासनेचे तीन प्रकार सांगतो. एक लॅटिन, मुख्यतः शिकणाऱ्या मुलांसाठी. दुसरी जर्मन, साध्या लोकांसाठी. आणि त्यांच्यातले पुष्कळजण अजून विश्वास धरत नाहीत, काहीतरी नवं बघायला म्हणून उभे राहतात, हे तो लपवत नाही. तिसरी, मनापासून ख्रिस्ती होऊ पाहणाऱ्यांनी घरात जमून करायची. पण तिच्यासाठी माणसं अजून माझ्याकडे नाहीत, असं म्हणून तो ती सोडून देतो. म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना ही बघ्यांसकट सगळ्यांसाठी, हे संस्थापकानेच लिहून ठेवलेलं. सभासदांनी आपसात पक्कं व्हावं यासाठी त्याने वेगळी वाट काढली : 1529 चा छोटा प्रश्नोत्तररूप कॅटेकिझम, घरातल्या कर्त्याने मुलाबाळांना आणि गड्यांना शिकवायचा.

पूर्व जर्मनीच्या सरकारने घाव घातला तो नेमका सभासद घडवण्याच्या या दुसऱ्या कामावर. चौदा वर्षांच्या मुलाने मंडळीपुढे आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा, हा दृढीकरणाचा संस्कार म्हणजे लुथरन घरातला मोठा दिवस. 1954-55 पासून सरकारने त्याच वयासाठी युवादीक्षेचा समारंभ सुरू केला. फुलं, भाषणं, नवे कपडे, समाजवादाची शपथ. ती न घेणाऱ्या मुलाला पुढे विद्यापीठाचं दार सहसा बंद. चर्चवर बंदी घालण्याची गरजच पडली नाही. आईबापांनी हिशेब केला आणि दोन पिढ्यांत चर्च रिकामी झाली. 1950 च्या आसपास दहापैकी आठ माणसं प्रोटेस्टंट होती. 1989 पर्यंत ती चौथ्या हिश्श्याच्या आसपास आली. फ्यूरर 1980 मध्ये निकोलायला आले ते अशा ओसरत्या काळात. खेड्यातल्या पाळकाचा मुलगा, आधीची बारा वर्षं छोट्या गावांत सेवा केलेला, अंगात बहुतेक वेळा जीन्सचं बिनबाह्यांचं जाकीट.

त्या दिवसांत तरुणांत एक कापडी बिल्ला फिरत होता. तलवारी मोडून नांगराचे फाळ करणारा माणूस, मीखा संदेष्ट्याच्या वचनातला. चित्र होतं खुद्द सोव्हिएत संघाने संयुक्त राष्ट्रांना भेट दिलेल्या पुतळ्याचं. छापला होता कापडावर, कारण कागदावरच्या छपाईला परवाना लागे, कापडावरची छपाई वस्त्रोद्योगात मोडे. चर्चवाल्यांचं हे डोकं मला मनापासून आवडतं. पोलीस पोरांच्या बाह्यांवरून बिल्ले उसवायला लावत, शाळा त्यांना काढून टाकत.

ही पोरं चर्चची नव्हती. 1981 च्या नोव्हेंबरात चर्चच्या शांततेसाठीच्या दहा दिवसांच्या उपक्रमातल्या एका रात्री फ्यूरर यांनी निकोलायमध्ये बैठक ठेवली. मोजकी माणसं अपेक्षित होती, आली शंभराहून जास्त, बहुतेक केस वाढवलेली, बाप्तिस्मा न झालेली. फ्यूरर यांनी वेदीजवळ जमिनीवर लाकडी क्रूस ठेवला आणि सांगितलं : ज्याला बोलायचं आहे त्याने मेणबत्ती पेटवावी, बोलावं, आणि ती क्रूसावर ठेवावी. बोलायचं नसेल त्याने गप्प राहून ठेवली तरी चालेल. जवळपास सगळे बोलले. पाहुण्याला कसं वागवायचं याचं सगळं शहाणपण मला या एका युक्तीत दिसतं. नाव, पत्ता, श्रद्धा, काही विचारलं नाही. पण येणाऱ्याला नुसतं प्रेक्षक म्हणूनही बसवलं नाही. हाताला काम दिलं, बोलायला जागा दिली, आणि गप्प राहायची मुभाही दिली.

20 सप्टेंबर 1982 पासून दर सोमवारी संध्याकाळी पाचला शांतताप्रार्थना सुरू झाली. लाइपझिगच्या प्रोब्स्टहाइडा भागातल्या तरुणांच्या गटाने ती चालवायला घेतली. पुढे वेगवेगळे गट आळीपाळीने सोमवार वाटून घेऊ लागले : पर्यावरणवाले, मानवी हक्कवाले, सैन्यात बंदूक न धरणारे. बायबलचा वेचा, त्यावर चार शब्द, गेल्या आठवड्यात कुठे काय घडलं याची माहिती, विनंत्या, आशीर्वाद. तासाभरात सगळे बाहेर. येशूचं डोंगरावरील प्रवचन पुन्हा पुन्हा वाचलं जाई. सुरुवातीच्या वर्षांत कधी कधी बोटांवर मोजण्याइतकी माणसं असत. गर्दी नसताना दर आठवड्याला दिवे लावून बसणं हे पाटी लावण्याहून पुष्कळ अवघड, आणि ते काम मंडळीच्या जुन्या सभासदांनी केलं. त्यांची नावं इतिहासात फारशी नाहीत.

मग आले देश सोडू पाहणारे. पश्चिमेला जाण्यासाठी अर्ज केला की नोकरी जाई, शेजारी बोलेनासे होत, निर्णय वर्षानुवर्षं लटके. फ्यूरर यांनी त्यांच्यासाठी बोलण्याचं मंडळ सुरू केलं आणि फेब्रुवारी 1988 मध्ये, या देशात राहण्या-जगण्याविषयी, एक व्याख्यान ठेवलं. पन्नासेक येतील असा अंदाज होता, आले सहाशेच्या घरात. तेव्हापासून सोमवारची गर्दी वाढली, आणि भांडणंही. देश इथेच राहून बदलू म्हणणाऱ्या गटांना हे नवे लोक मतलबी वाटत. यांना उद्या व्हिसा मिळाला की परवा यांची पाठ दिसणार! ते खोटंही नव्हतं. ज्या पाहुण्याला मुळात निघूनच जायचं आहे त्याच्यावर मंडळीने वेळ का घालवावा? फ्यूरर यांचं उत्तर सरळ होतं : तो आज अडचणीत आहे.

पण उघड्या दाराला कुठेतरी उंबरा असतोच. 1988 च्या ऑगस्टअखेर, उन्हाळी सुट्टीनंतर, वरिष्ठ धर्माधिकारी फ्रीडरिश मागिरिउस यांनी कळवलं की यापुढे सोमवारची प्रार्थना निकोलायची मंडळीच ठरवील. गटांचं संयोजन करणारे लुकास चर्चचे पाळक ख्रिस्टोफ वोन्नेबर्गर यांना त्या जबाबदारीतून मोकळं केलं गेलं. सरकारचा दबाव होता, हे उघड आहे. चर्चमध्येच निषेध झाला, निषेधाचं पत्र वाचताना माइक बंद झाला. पुढच्या इतिहासलेखनात मागिरिउस यांना बऱ्याचदा भित्रे ठरवलं जातं. मला ते पुरतं पटत नाही. प्रार्थनेच्या नावाखाली नुसतीच राजकीय सभा भरली तर सरकार उद्या दारच बंद करील, आणि मग कुणालाच आसरा उरणार नाही, ही भीती खोटी नव्हती. पण ‘या, बसा, ऐका, बोलायचं आम्ही ठरवू’ हे अर्धं स्वागत असतं, हेही तितकंच खरं. झालं काय, माइक नाकारलेले गट चर्चसमोरच्या अंगणात उभे राहून बोलू लागले, आणि जी गोष्ट आत दबली असती ती उघड्यावर आली. 1989 च्या वसंतात गटांना पुन्हा आत वाटा मिळाला, एका पाळकाच्या जबाबदारीवर.

मे 1989 पासून पोलीस सोमवारी चर्चकडे येणाऱ्या गल्ल्या अडवू लागले. गर्दी वाढतच गेली. 4 सप्टेंबरला शहरात व्यापारी जत्रा, पाश्चात्त्य वार्ताहर हजर. खुला देश आणि मुक्त माणसं मागणारा फलक अंगणात उघडला आणि श्टाझीच्या, म्हणजे गुप्त पोलिसांच्या, माणसांनी कॅमेऱ्यांसमोर तो ओढून खाली पाडला. अटक झालेल्यांसाठी लोक चर्चच्या खिडकीच्या गजांत फुलं खोचू लागले, खाली मेणबत्त्या. 25 सप्टेंबरला काही हजार, 2 ऑक्टोबरला सुमारे वीस हजार लोक प्रार्थनेनंतर रस्त्यावर होते.

9 ऑक्टोबरला शहरात पोलीस, सैनिक आणि कारखान्यांतली सशस्त्र पथकं मिळून हजारो तैनात होते, रुग्णालयांत जादा रक्ताची तयारी ठेवलेली. दुपारी दोनच्या सुमाराला सत्ताधारी पक्षाचे सुमारे सहाशे सदस्य वरून आलेल्या आदेशानुसार निकोलायच्या बाकांवर येऊन बसले, म्हणजे इतरांना जागाच उरू नये. फ्यूरर यांनी त्यांचं स्वागत केलं. इतक्या लवकर आलात याचं नवल वाटतं, कामगारवर्गाला तर चारनंतरच सवड होते, असं म्हणाले. आणि गॅलऱ्या मुद्दाम बंद ठेवल्या आहेत, थोडे कामगार आणि थोडे ख्रिस्तीही आत यावेत म्हणून. त्यात चिमटा होता, पण हाकलणं नव्हतं. पुढेही ते हीच बाजू धरत : श्टाझीची माणसं दर सोमवारी येत, म्हणून तर डोंगरावरील प्रवचन त्यांच्या कानी पडलं, एरवी ते कुठे ऐकणार होते?

त्या संध्याकाळी ऑर्केस्ट्रा संचालक कुर्ट माझुर आणि आणखी पाच जणांचं शांततेचं आवाहन वाचून दाखवण्यात आलं. पाचांपैकी तिघे पक्षाचेच पदाधिकारी. आणखी एकजण धर्मशास्त्रज्ञ. तो श्टाझीचा खबऱ्या होता, हे नंतर उघड झालं. पवित्र मंडळी आणि बाहेरचे अपवित्र, अशी रेघ निकोलायमध्ये कुठेच सरळ ओढता येत नाही. बिशप योहान्नेस हेम्पेल एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये फिरून अहिंसेचं सांगत होते. त्या दिवशी शहरात आणखी तीन ठिकाणी प्रार्थना होत्या. लोक बाहेर पडले तेव्हा अंगण आणि रस्ते भरलेले. फ्यूरर नंतर सांगत की मेणबत्ती घेऊन चालायला दोन्ही हात लागतात, एकात ती धरायची, दुसऱ्याने वाऱ्यापासून जपायची. दगड उचलायला हात उरत नाही. सुमारे सत्तर हजार माणसं शहराच्या वर्तुळाकार रस्त्याने, श्टाझीच्या कचेरीवरून चालत गेली. गोळी सुटली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली.

यानंतर चर्च भरून वाहिलं असेल असं कुणालाही वाटेल. तसं काही झालं नाही. ते हजारो लोक बाप्तिस्मा घ्यायला परतले नाहीत. पूर्व जर्मनी आजही जगातल्या सर्वांत कमी धार्मिक प्रदेशांत गणला जातो. ज्यांना फ्यूरर निरीश्वरवादी म्हणत अशा दोन, नाझी आणि कम्युनिस्ट, राजवटींत वाढलेल्या लोकांच्या तोंडून ‘हिंसा नको’ ही घोषणा आली, याचंच फ्यूरर यांना अप्रूप होतं. सभासदवाढीच्या चोपडीत निकोलायचं नाव वर येणार नाही. त्या चोपडीने मोजायचंच असेल तर तिथला गेल्या चाळीस वर्षांचा उद्योग तोट्याचा म्हणावा लागेल, आणि आज युरोपभर चर्च बंद पडत असताना हा तोटा हसण्यावारी नेता येत नाही. पण सभासद तयार होणं म्हणजे काय, याचा एक नमुना तिथे आहे : फेब्रुवारीच्या थंडीत दार उघडणारा, अनोळखी माणसाला मेणबत्ती देणारा, आणि शेजारी बसलेला खबऱ्या असेल हे ठाऊक असूनही सरकून जागा करून देणारा. दृढीकरणाच्या वर्गात एवढं शिकवून होत नाही.

सोमवारी पाचची प्रार्थना बंद झाली नाही. जर्मनीच्या एकीकरणानंतर कारखाने बंद पडले तेव्हा निकोलायच्या आधाराने बेकारांसाठी मदत-केंद्र उभं राहिलं. ज्यांना 1989 मध्ये स्वातंत्र्य हवं होतं त्यांना आता अर्ज भरायला मदत हवी होती. 2004 मध्ये बेकारभत्त्यातल्या कपातीविरुद्ध लोक पुन्हा या अंगणात जमले, तेव्हा नव्या लोकशाही सरकारलाही हे चर्च अडचणीचं वाटलं. 2006 च्या जानेवारीत लाइपझिगजवळच्या एका कंपनीचे दोन अभियंते इराकमध्ये पळवले गेले. ते सुटेपर्यंत, म्हणजे मेच्या सुरुवातीपर्यंत, निकोलायसमोर त्यांच्यासाठी जागर झाले. त्या दोघांची नावं कुठल्या मंडळीच्या नोंदवहीत आहेत का, हे विचारण्याचं कारण कुणाला वाटलं नाही. फ्यूरर 2008 मध्ये निवृत्त झाले आणि 2014 मध्ये वारले. सोमवार आता दुसरे पाळक सांभाळतात.