समुद्र नाही, पण सुकट आहे! परभणीच्या मुलींच्या रक्तक्षयाशी मासळीचा काय संबंध? जाणून घ्या

परभणी : जिल्ह्यापासून समुद्र कितीतरी लांब, तरी आठवडी बाजारात सुकट आणि बोंबील मिळतात. येलदरी धरण आणि गोदावरीमुळे रोहू, कटलाही ताटात येतो. प्रश्न एवढाच, तो घरातल्या वाढत्या मुलीच्या ताटात किती येतो?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 (2019-21) नुसार राज्यातील 15 ते 19 वयोगटातील सुमारे 57 टक्के मुलींना रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया आहे. पाळी सुरू झाल्यावर शरीराची लोहाची गरज वाढते. लोह कमी पडले की जिना चढताना दम लागतो, वर्गात लक्ष लागत नाही.

भाकरी पुरत नाही का?

हिशेब करून पाहू. 13 ते 15 वर्षांच्या मुलीला रोज 30 मिलिग्रॅम लोह लागते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या 'परभणी शक्ती' या ज्वारीत किलोमागे सुमारे 45 मिलिग्रॅम लोह असते, साध्या ज्वारीत 30 च्या आसपास. म्हणजे दिवसाला 300 ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या, तर 'शक्ती'तून साडेतेरा मिलिग्रॅम मिळतात, साध्या ज्वारीतून फक्त 9. त्यातही ज्वारीतले फायटेट लोह अडवून धरते, त्यामुळे अंगी लागते ते थोडेच.

मग मासळी काय करते?

रोहूत स्वतःचे लोह फारसे नसते. पण भाकरीसोबत मासळी खाल्ली, तर भाकरीतले लोह शरीरात जास्त शोषले जाते. शिवाय भाकरीत अजिबात नसलेले बी-12 मिळते. सुकट सालीसकट खाल्ली जात असल्याने कॅल्शियमही मिळते, आणि भाजीत मूठभर पुरते. मात्र ती निवडून, दोन-तीन पाण्यांत धुवून घ्यावी. रेती जाते, खारटपणाही उतरतो.

जेवणावर लगेच चहा नको. त्यातले टॅनिन लोह अडवते. ही सवय मोडणे मासळी आणण्यापेक्षा अवघड आहे, हेही खरे!

माळकरी घरात काय?

जनाबाईंच्या गंगाखेडच्या या जिल्ह्यात अशी घरे कमी नाहीत. तिथे डाळ-उसळीवर लिंबू पिळावे. 'क' जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. बी-12 साठी दूध, दही आहेच.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी चुकवू नये. ती जेवणानंतर घ्यावी, उपाशीपोटी मळमळते. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल, तर नुसत्या आहारावर न थांबता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.