एकाऐवजी तीन राष्ट्राध्यक्ष असते तर?

अमेरिकेचा कारभार एकाच राष्ट्राध्यक्षाच्या हाती द्यायचा, हे सुरुवातीला ठरलेले नव्हते. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटना आकाराला येत असताना १ जूनला जेम्स विल्सन यांनी एकाच प्रमुखाचा प्रस्ताव मांडला. व्हर्जिनियाच्या एडमंड रँडॉल्फ यांना त्यात राजेशाहीचे बीज दिसले. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून निवडलेल्या तिघांचे मंडळ त्यांना हवे होते. ४ जूनच्या मतदानात सात राज्ये एकाच प्रमुखाच्या बाजूने गेली, तीन विरोधात.

मंडळाची कल्पना हवेतली नव्हती. पेनसिल्व्हेनियात १७७६ च्या घटनेनुसार कार्यकारी मंडळच राज्य चालवत होते. सदस्यांची मुदत तीन वर्षे, आणि ते टप्प्याटप्प्याने बदलत. बेंजामिन फ्रँकलिन १७८५ ते १७८८ या काळात त्याचे अध्यक्ष होते. याउलट, १७८४ मध्ये काँग्रेसच्या विश्रांतिकाळासाठी नेमलेली राज्यांची समिती त्याच उन्हाळ्यात गणपूर्तीअभावी मोडली.

समजा, रँडॉल्फ यांचे तिघांचे मंडळ आले असते आणि त्याचे अध्यक्षपद दरवर्षी फिरले असते. मग १८०३ ची लुइझियाना खरेदी कदाचित मतभेदांत अडकली असती. दक्षिणेची एक जागा पक्की असल्याने गुलामगिरीचा तिढा थेट मंडळात शिरला असता. मात्र १८६० मध्ये लिंकन यांच्या विजयानंतर राज्ये फुटू लागली, तसे एकाच निवडणुकीवर सारे पणाला लागले नसते.

अशी व्यवस्था टिकू शकते, हे स्वित्झर्लंडने दाखवले आहे. तिथे १८४८ पासून सात जणांचे मंडळ सरकार चालवते आणि अध्यक्षपद दरवर्षी बदलते.