‘पानी गरम कामून लागतं?’ : चर्चेतली मुलांची भाषा

शिक्षक प्रश्न विचारतात, एक विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणतात आणि पुढचा प्रश्न येतो. जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कुल्थार्ड यांनी १९७५ साली वर्गातील संभाषणाची ही तीन पायऱ्यांची रचना नोंदवली. आपल्या वर्गांतही ती चांगलीच रुळलेली आहे. मात्र तीत मुले एकमेकांशी बोलतच नाहीत.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि गावोगावी मोबाइलवर वर्गाचे गट तयार झाले. मुले एकमेकांना लिहून प्रश्न विचारू लागली. ही भाषा धड बोलणे नव्हे, धड लेखनही नव्हे. तिच्याकडे जरा बारकाईने पाहू.

समजा, शिरूर कासारच्या एखाद्या शाळेतील आठवीच्या गटात पुढील संवाद झाला :

– इहिरीचं पानी थंडीत गरम कामून लागतं?
– जमिनीत आग असती म्हनून.
– मंग उन्हाळ्यात बी गरम लागाया पायजे की.
– उन्हाळ्यात तर गार लागतं.
– पानी तेच, हवाच बदलती आसंल.

शुद्धलेखनाच्या दृष्टीने येथे ओळीओळीत चुका सापडतील. विज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर दुसऱ्या ओळीत एक कल्पना मांडली आहे. तिसऱ्या ओळीतल्या ‘मंग… पायजे की’ने त्या कल्पनेतून निष्कर्ष काढला, चौथ्या ओळीतल्या अनुभवाने तो खोटा ठरवला आणि पाचव्या ओळीत नवी कल्पना आली. ‘आसंल’ या शब्दातून तिची अनिश्चितताही नेमकी व्यक्त झाली आहे. काही मीटर खोलीवर जमिनीचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, आणि आपली त्वचा भोवतालच्या मानाने ऊन-गार ठरवते. मुले या उत्तराच्या उंबरठ्यापर्यंत आपणहून पोचली आहेत.

आता कल्पना करा, दुसऱ्या ओळीनंतरच शिक्षकांनी ‘चूक. पानी नव्हे, पाणी लिहा’ असे लिहिले असते तर? तिसरी ओळ बहुधा आलीच नसती. डग्लस बार्न्स या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञाने १९७६ साली हाच भेद मांडला होता : चाचपडत विचार करण्याची भाषा वेगळी आणि पूर्ण झालेला विचार सादर करण्याची भाषा वेगळी. पहिली अडखळते, अर्धवट राहते आणि घरच्या बोलीत येते. प्रमाण भाषा शिकवायलाच हवी, पण तिची जागा चर्चा संपल्यानंतरच्या वहीत आहे.

गंमत अशी, की हेच वाक्य रोमन लिपीत लिहिले तर ‘पानी’ आणि ‘पाणी’ यांतला फरकच उरत नाही, कारण न आणि ण या दोहोंसाठी तेथे ‘एन’ हे एकच अक्षर येते. ‘वेल’ की ‘वेळ’ हे संदर्भावरून ठरवावे लागते.

वेळेचाही प्रश्न आहे. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात असे दिसले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरे लांबली आणि मुले एकमेकांच्या बोलण्याला प्रतिसाद देऊ लागली. लेखी चर्चेत तर तासच काय, दिवसही मिळू शकतो.

शिरूर कासारसारख्या तालुक्यात याचे मोल अधिक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या आईवडिलांबरोबर अनेक मुले गाव सोडतात. फोन असलाच तर तो वडिलांजवळ असतो आणि हाती येतो तो रात्री. संध्याकाळीच शिक्षकांनी बरोबर उत्तर लिहून टाकले, तर फडावरच्या कोप्यांत राहणाऱ्या त्या मुलाला बोलायला काही उरतच नाही.

म्हणून एक साधा प्रयोग सुचवावासा वाटतो. एक प्रश्न आठवडाभर उघडा ठेवा आणि दुरुस्ती करू नका. शेवटी दोनच गोष्टी मोजा : किती वाक्ये शिक्षकांना उद्देशून होती आणि किती एकमेकांना, ‘मग’, ‘म्हणून’, ‘पण’ हे शब्द, कोणत्याही बोलीतले, किती वेळा आले. हे आकडे मुलांना दाखवा आणि त्यानंतर शुद्ध मराठीत निष्कर्ष लिहायला सांगा.