ओडी, बीडी, टीडीएस: मेडिकल लाइनमध्ये उतरण्याआधी ही अक्षरं ओळखा

मेडिकल, सर्जिकलचं दुकान, लॅबचं कलेक्शन सेंटर, घरी पेशंट सांभाळणारी माणसं पुरवणारा ब्युरो, चष्म्याचं दुकान... आरोग्याशी जोडलेला धंदा सुरू करू पाहणारे बरेच जण एकच गोष्ट मागतात, "मॅडम, सगळ्या मेडिकल शॉर्टफॉर्मची एक यादी द्या, पाठ करून टाकतो."

यादी मिळेल हो, नेटवर ढिगाने मिळते. पण ती पाठ करून उपयोग कमी आणि धोका जास्त. कारण याच धंद्यात एकाच अक्षरजोडीचे तीन-तीन अर्थ निघतात, आणि पाठ केलेल्या माणसाला तीनपैकी पहिलाच आठवतो. म्हणून तुमच्या काउंटरवर रोज येणारी अक्षरं आधी पक्की करा, आणि कुठली अक्षरं दिसली की हात आखडता घ्यायचा, तेही त्यासोबतच शिका.

सुरुवात डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून. त्यावरची वेळेची अक्षरं लॅटिन भाषेतून आली आहेत, त्यामुळे इंग्रजी येत असलं तरी ती उलगडत नाहीत. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. बीडी म्हणजे दोनदा. लॅटिनमध्ये 'बिस' म्हणजे दोन वेळा. टीडीएस म्हणजे तीनदा. माझं शिक्षण बीबीएचं, त्यामुळे टीडीएस म्हटलं की मला अजूनही आधी कापलेला करच आठवतो! क्यूआयडी म्हणजे चार वेळा. एचएस म्हणजे झोपताना. एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर. बीबीएफ मात्र साधं इंग्रजी आहे, नाश्त्याआधी. स्टॅट म्हणजे आत्ता, लगेच.

एसओएस इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. लोकांना वाटतं, हा संकटात मदत मागायचा इशारा आहे, म्हणजे औषध फार तातडीचं असणार. प्रत्यक्षात अर्थ उलटा आहे: गरज पडली तरच घ्या. ताप आला तर, दुखलं तर. तुमचा अटेंडंट पेशंटच्या घरी बारा तास थांबणार असेल, तर त्याला नुसता हा अर्थ माहीत असून भागत नाही. किती तासांच्या अंतराने आणि दिवसात जास्तीत जास्त किती वेळा, हे डॉक्टरांकडून विचारून केसपेपरवर लिहून घ्यायचं. 'गरज पडली तर' म्हणजे 'पेशंट मागेल तेव्हा' नाही.

आपल्याकडचे बरेच डॉक्टर हल्ली १-०-१ असं लिहितात. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. माझ्या मते ही पद्धत लॅटिनपेक्षा कितीतरी बरी, घरातल्या आजीलाही कळते. दिवसांसाठी काही जण ५/७ लिहितात. हा अपूर्णांक नाही आणि तारीखही नाही. पाच दिवस असा अर्थ. २/५२ म्हणजे दोन आठवडे, ३/१२ म्हणजे तीन महिने. खालचा आकडा आठवड्याचे दिवस, वर्षाचे आठवडे किंवा वर्षाचे महिने दाखवतो. हे एकदा डोक्यात बसलं की परत विसरत नाही.

आता एकच अक्षर धंदा बदलला की कसं बदलतं बघा. मेडिकलमध्ये ओडी म्हणजे दिवसातून एकदा. चष्म्याच्या नंबरात ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा, ओयू म्हणजे दोन्ही. मग डोळ्याच्या थेंबांपुढे ओडी लिहिलेलं असेल तर? दिवसातून एकदा की उजव्या डोळ्यात? चिठ्ठी लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. आणि तेच ओडी इमर्जन्सीच्या केसपेपरवर दिसलं, तर ते ओव्हरडोसही असू शकतं.

पीटी घ्या. डॉक्टरांच्या टिपणात तो नुसता 'पेशंट' असतो. हाडांच्या वॉर्डात फिजिओथेरपी. लॅबमध्ये प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, आणि त्यासाठी फिकट निळ्या झाकणाची ट्यूब लागते. कलेक्शन सेंटर काढणाऱ्यांनी अक्षरासोबत ट्यूबच्या झाकणाचा रंगही लक्षात ठेवायचा. सीबीसी आणि एचबीएवनसीला जांभळं झाकण, साखरेला राखाडी. आपल्याकडे चिठ्ठीवर साखरेची तपासणी 'बीएसएल एफ अँड पीपी' अशी येते: एक नमुना किमान आठ तास उपाशी असताना, दुसरा जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी. एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही. सकाळी सात वाजता उपाशीपोटी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे आधी फोनवर सांगितलं असतं, तर तो घरून चहा पिऊन आला असता. अशा सांगण्यानेच गिऱ्हाईक टिकतं.

सर्जिकलच्या दुकानात आकडे आणि अक्षरं जोडीने येतात, आणि दोन मापं एकमेकांच्या उलटी चालतात. सुई आणि कॅन्युला 'जी' म्हणजे गेजमध्ये. इथे आकडा वाढला की जाडी कमी होते. १८ जी जाड, २४ जी बारीक. कॅन्युलाचे रंग ठरलेले आहेत: १८ हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा. लघवीची नळी, म्हणजे फोलीज कॅथेटर, 'एफआर' म्हणजे फ्रेंच मापात असते, आणि तिथे आकडा वाढला की नळी जाड होते. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग, म्हणून १६ एफआरची नळी साधारण ५.३ मिलिमीटर. ज्याला हा फरक माहीत नाही तो "मोठा नंबर नाही, मग लहान देऊ का?" असं सहज विचारून जातो. नंबर बदलून द्यायचा निर्णय दुकानदाराचा नसतो. सलाईनच्या बाटल्यांचंही तसंच. एनएस, आरएल, डीएनएस तिन्ही दिसायला सारख्या, पण डीएनएसमध्ये ग्लुकोज आहे आणि एनएसमध्ये नाही. डायबेटिसच्या पेशंटसाठी हा फरक किरकोळ नाही.

आणि इन्सुलिनची सिरिंज. हा भाग दोनदा वाचा. भारतात इन्सुलिनच्या व्हायल यू-४० मध्येही येतात आणि यू-१०० मध्येही. यू-४० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, यू-१०० म्हणजे १०० युनिट. सिरिंजही तशाच दोन प्रकारच्या: यू-४० ला लाल टोपण, यू-१०० ला केशरी. समजा, व्हायल यू-१०० ची आहे आणि तुम्ही लाल टोपणाची सिरिंज दिलीत. घरच्यांनी ४० च्या खुणेपर्यंत भरलं, म्हणजे एक मिलिलिटर. पेशंटच्या अंगात ४० नाही, १०० युनिट गेले. अडीच पट! साखर इतकी उतरू शकते की माणूस बेशुद्ध पडेल, जिवावरही बेतेल. म्हणून "इन्सुलिनची सिरिंज द्या" असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न: बाटली कुठली आहे? सोबत आणली नसेल तर फोटो मागवा. पाचदहा रुपयांची विक्री असली तरी विचारायचंच.

ऑफिसच्या कामातली अक्षरं सोपी आहेत, पटकन बघू. टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यामध्ये कॅशलेसचं काम बघणारी संस्था. एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवावं लागणारी केस. अशा पेशंटचे कागद कोणालाही दाखवायचे नाहीत. डामा म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता घेतलेला डिस्चार्ज. एनबीएम म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. हॉस्पिटलमध्ये डबे पोचवणाऱ्यांनी हे एक तरी शिकाच. बेडवर एनबीएम लागलंय आणि शेजारी तुमचा गरम वरणभात ठेवलाय, असं होऊ देऊ नका. ऑपरेशन पुढे ढकललं जाऊ शकतं.

आता हात आखडता घ्यायच्या जागा. अमेरिकेत हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये 'वापरू नका' अशी एक छोटी यादी काढली. त्यात पहिला मान युनिटसाठी लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजी 'यू' अक्षराचा. घाईत लिहिला की तो वरून मिटतो आणि शून्य होतो, '१० यू' चे १०० होतात. दशांशाचंही तसंच. १.० मधला टिंब दिसला नाही तर १० होतात; ०.५ ऐवजी नुसतं .५ लिहिलं तर ५ वाचलं जातं. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये नियम केला की डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. तरी चिठ्ठ्या कशा येतात ते तुम्ही बघताच.

मेथोट्रेक्सेट हे नाव लक्षात ठेवा. संधिवातावर ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेल्यामुळे माणसं दगावल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. तिच्यापुढे ओडी किंवा १-०-० दिसलं, तर फार्मासिस्टने डॉक्टरांना फोन केल्याशिवाय ती गोळी काउंटरवरून हलता कामा नये.

फार्मासिस्टने, असं मुद्दाम म्हणते आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरचं औषध देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम आहे. भांडवल तुमचं असेल, दुकानाच्या पाटीवर नाव तुमचं असेल, हा लेख तोंडपाठ असेल, तरी हे काम तुमचं होत नाही. भिंतीवर फक्त सर्टिफिकेट टांगून स्वतः फिरकत नाही असा 'भाड्याचा' फार्मासिस्ट ठेवायचा विचार असेल, तर कृपया दुसरा धंदा निवडा. मी स्पष्टच सांगते.

फोन करायची पद्धतही शिकून घ्या. "डॉक्टर, हे बीडी आहे ना?" असं विचारलं की पलीकडून घाईत "हो हो" येतं. त्याऐवजी अक्षर उच्चारूच नका. "डॉक्टर, ही गोळी दिवसातून किती वेळा द्यायची?" असं विचारा, उत्तर ऐका, पूर्ण वाक्यात परत वाचून दाखवा, आणि चिठ्ठीच्या झेरॉक्सवर तारीख-वेळेसह लिहून ठेवा. गिऱ्हाइकाच्या हातात जाणाऱ्या पाकिटावर मात्र एकही शॉर्टफॉर्म नको. सरळ मराठीत: सकाळी १, रात्री १, जेवणानंतर, ५ दिवस.