मुलाची वाढ आणि तिची पारख

सातपुड्यातील एखाद्या पाड्यावर, अंगणवाडीच्या ओसरीत तीन वर्षांचे एक मूल बसले आहे. सभोवतालची मुले टाळ्या पिटून गाणे म्हणत आहेत. हे मूल मात्र भिंतीकडे तोंड करून एकच बांगडी पुन्हा पुन्हा गरगर फिरवीत आहे. नावाने हाक मारली तरी ते वळून पाहात नाही. एकजण म्हणतो, मूल बहिरे असावे. आजी म्हणते, याचा बापही उशिराच बोलू लागला होता. शेजारीण भगताकडे नेण्याचा सल्ला देते. या साऱ्यांत खरे कोणाचे, हे ठरविणे म्हणजेच मुलाच्या विकासाची परीक्षा होय. आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ती किती नाजूक असते, हे शहरातील सुशिक्षित कुटुंबांनीही जाणून घेण्याजोगे आहे. कारण आजीचे ते वाक्य पुण्या-मुंबईच्या घरांतूनही तितक्याच सहजतेने उच्चारले जाते.

मेंदूच्या जडणघडणीतच काही वेगळेपण राहिल्यामुळे मुलाचे बोलणे, शिकणे, मिसळणे किंवा लक्ष देणे यांत अडथळा येतो, तेव्हा त्यास विकासविषयक विकार म्हणतात. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अतिचंचलता, अध्ययन-अक्षमता ही त्यांतील ठळक नावे. हे विकार विरळा आहेत अशी समजूत असेल, तर ती सोडून द्यावयास हवी. भारतातील पाच ठिकाणी, त्यांत उत्तर गोवाही होता, २ ते ९ वर्षांच्या सुमारे ४,००० मुलांची पाहणी करण्यात आली. तिचा अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. दृष्टिदोष, श्रवणदोष व अपस्मार धरून नऊ प्रकारच्या विकारांचा विचार तीत केला होता, आणि साधारणतः आठ मुलांमागे एकास त्यांपैकी एखादा तरी विकार असल्याचे आढळले.

स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांच्या निरीक्षणावरून केले. पुढल्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांनीही अशाच मुलांविषयी लिहिले. त्यानंतर काही दशके आईची माया कमी पडल्यामुळे मूल असे होते, असा निष्ठुर आरोप विद्वानांनीच मातांवर लादला. तो आता पूर्णपणे खोटा ठरला आहे. आईची वागणूक, लस किंवा घरात दोन भाषा बोलणे, यांपैकी कशानेही स्वमग्नता होत नाही. तिच्या मुळाशी बहुतांशी आनुवंशिक कारणे असतात.

आता परीक्षा होते कशी, ते पाहू. या विकारांसाठी रक्ताची एखादी तपासणी करावी आणि उत्तर हाती यावे, अशी सोय नाही. निदान उभे राहते ते निरीक्षणावर आणि आईबापांच्या कथनावर. पहिली पायरी चाळणीची. एक वर्षाचे मूल हाकेला ओ देते का, दीड वर्षाचे मूल हवी असलेली वस्तू बोटाने दाखविते का, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलते का, आणि विशेष म्हणजे आलेले शब्द किंवा कौशल्य ते गमावून तर बसले नाही ना, एवढे प्रश्न कोणत्याही घरात विचारता येतात. चाळणीत अडकले म्हणजे मूल विकारग्रस्त ठरले, असे नव्हे. पुढील तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी पायरी कानांची. ऐकूच न येणारे मूल हाकेला वळत नाही आणि बोलतही नाही. म्हणून श्रवणाची परीक्षा झाल्यावाचून स्वमग्नतेचा शिक्का मारणे हा मोठाच प्रमाद होय. तिसऱ्या पायरीवर बालरोगतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ गर्भारपणापासूनचा इतिहास विचारतात, मुलास खेळताना पाहतात आणि प्रमाणित मापनपद्धती लावतात. आपल्या देशात स्वमग्नतेसाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने सिद्ध केलेली एक भारतीय मापनश्रेणी आहे. तीत सहा विभागांत ४० बाबी असून प्रत्येकीस १ ते ५ गुण दिले जातात. बेरीज ७० च्या आत राहिली तर स्वमग्नता नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र असे मानतात.

वरवर पाहता ही रीत साधीसोपी दिसते. परंतु ती नंदुरबारात आणताच एकेक गाठ पुढे येते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आदिवासीबहुल आहे. घरात कोठे भिलोरी, कोठे पावरी, कोठे मावची, तर कोठे अहिराणी बोलली जाते. अंगणवाडी आणि शाळा मात्र मराठी बोलतात. घरी पावरीत अखंड बडबडणारे मूल शाळेत मुके होते. ते चित्र ओळखीत नाही, कारण ती वस्तूच त्याने कधी पाहिलेली नसते. अशा मुलास मंद म्हणणे हा अन्याय होय. उलट, खरोखरच स्वमग्न असलेल्या मुलाविषयी, त्याला मराठी येत नाही म्हणून गप्प आहे, असे म्हणून त्याची वर्षे वाया घालविणे हाही तितकाच अन्याय होय. या दोहोंतून वाट काढणारा प्रश्न एकच : मूल आपल्या घरच्या भाषेत, आपल्या माणसांशी कसे वागते?

दुसरी गाठ प्रकृतीची. कुपोषण या जिल्ह्याचे जुने दुखणे आहे, आणि उपासमार झालेले मूल उशिरा चालते, उशिरा बोलते. सिकलसेलचा आजारही येथे आढळतो. त्यात मेंदूच्या रक्तवाहिन्यांस इजा पोहोचून शिकण्यात अडचण येऊ शकते. बाहेरून लक्षण एकच, पण कारणे निराळी आणि म्हणून उपायही निराळे.

तिसरी गाठ गैरहजेरीची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्यानुसार फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीतील मुलांस वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांस एकदा तपासते, आणि शंका आलेल्या मुलास जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठविते. योजना उत्तम, परंतु दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात, आणि पथक आले तेव्हा मूल फडावर असते. अक्राणी तालुक्यात नर्मदाकाठची काही गावे अशी आहेत की तेथे होडीनेच जावे लागते. २०२० च्या टाळेबंदीत एका अंगणवाडी सेविकेने स्वतः होडी वल्हवीत पलीकडील बालके गाठली, ही हकीकत देशभर गाजली. आश्रमशाळेत आणखी एक उणीव भासते. निदानास लागणारा पहिल्या तीन वर्षांचा इतिहास ठाऊक असते ती आई, आणि ती तर दूर पाड्यावर असते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. स्वमग्नता नाहीशी करणारे औषध नाही, हे खरे. परंतु मेंदू कोवळा असताना दिलेले शिक्षण फुकट जात नाही. बोटाने दाखविणे, आळीपाळीने खेळणे, चित्र देऊन भाकर मागणे, या गोष्टी आईवडिलांस शिकविता येतात आणि त्या घरच्या घरी, घरच्याच बोलीत चालू शकतात. मूल मागू शकले की त्याचे आक्रस्ताळेपणही पुष्कळदा निवते.

निदानास कायद्याचेही पाठबळ आहे. १९९५ च्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता या दोहोंस स्थान दिले. प्रमाण ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास शिक्षणात व नोकरीत राखीव जागांसारख्या सवलतींचा हक्क प्राप्त होतो. मात्र अध्ययन-अक्षमतेचा दाखला आठव्या वर्षापूर्वी मिळत नाही. कारण वाचन शिकविल्यावाचून वाचनातील दोष ओळखता येत नाही. आणि ज्यास शाळेची भाषाच परकी आहे, त्याच्या बाबतीत तर परीक्षकाने दुप्पट जपावयास हवे.

ओसरीवरील त्या मुलाकडे पुन्हा एकदा पाहावे. त्याला आधी कानांच्या तपासणीस न्यावे, मग त्याचे वजन व रक्त पाहावे, मग त्याच्या आईशेजारी बसून तिच्याच बोलीत त्याची कहाणी ऐकावी. या क्रमाने जे उत्तर येईल ते कोणतेही असो, त्या मुलास पुढील वाट दाखवील. शहरातील घरास रुग्णालय हाकेच्या अंतरावर असते. तेथे तर आजीचे वाक्य ऐकून थांबण्यास काहीच निमित्त उरत नाही. थांबून पाहण्यात गेलेले वर्ष मुलाच्याच पदरचे जाते, आणि ते त्याला परत मिळत नाही.